सुताचं आणि कोरं

एकोणिसाव्या वर्षी मी नायलॉनची साडी नेसून चुलीपुढे भाकरी करायला बसले होते. माझ्या अकलेचा तो पहिला मोठा पराक्रम. साडी पोपटी, तिच्यावर पांढरी फुलं. चुलीच्या उजेडात ती फुलं कशी दिसतात, हे मला पाहायचं होतं. दिसली. सगळी एकदमच दिसली.

लग्न होऊन मी आदिलाबादजवळ, जैनथकडच्या एका गावात आले होते. सासर कापूस-ज्वारीचं. मी मात्र आदिलाबादेत वाढलेली, दहावीपर्यंत शिकलेली, आणि ट्रंकेत अशा तीन साड्या असलेली. थोरली जाऊ माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. ती सुताचं नऊवारी लुगडं नेसायची. इतकं जाड की ओलं झालं की पिळायला दोघी लागायच्या, एक या टोकाला, एक त्या. मी त्याला गोणपाट म्हणायचे, तेही तिच्या तोंडावर. माझी साडी अंगणात झटकून दाखवायचे आणि म्हणायचे, "पाहा बाई, धुतली की वाळली!"

"बरं हाय," ती म्हणायची. दुसरं काही नाही.

त्या दिवशी पायाकडचा काठ निखाऱ्याला लागला. सूत असतं तर जळलं असतं. ही साडी वितळली आणि माझ्या पोटरीला गुळाच्या पाकासारखी चिकटली. मी ओरडतही नव्हते, नुसती पाहत होते. जाऊ गोठ्यातून आली, तिनं आपला पदर माझ्या पायाभोवती गुंडाळला आणि त्यावर चक्क बसली. तिच्या पदराला तळहाताएवढं भोक पडलं. माझ्या पायातून पुढचे दोन महिने काय काय निघालं ते सांगत नाही. सगळं तिनंच काढलं, खोबरेल तेल लावून, एकेक पोपटी तुकडा.

बरी झाल्यावर मी काय केलं? निळी घेतली.

आता सत्तरी ओलांडली. नवरा गेला, दीर गेले, मी मुलाकडे आदिलाबादेत राहते. आणि जी बाई सुताला गोणपाट म्हणायची, ती आता दुकानादुकानांतून सूत मागत फिरते. वयानं कातडी पातळ होते. तिला रबडी, म्हणजे नायलॉन-पॉलिस्टरचं कापड सोसत नाही, काखेत पुरळ येतं, मांड्या सोलतात. आमच्या कॉलनीतल्या म्हाताऱ्या देवळाच्या कट्ट्यावर जमल्या की देवाचं कमी आणि परकराचं जास्त बोलतात. एकीच्या परकराची नाडी पहिल्याच दिवशी आत गेली. एकीच्या गाऊनची खांद्याची शिवण उसवली, कारण शिवणीत कापड सोडलेलंच नव्हतं. साडी म्हणाल तर निऱ्या चार येतात, पाचव्या निरीला कापड संपतं. काठ विणलेला नसतो, छापलेला असतो. माझ्या एका साडीचा काठ तर दुसऱ्या धुण्यात बादलीतच राहिला.

सुनेला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, आता असंच असते. खराब झाली की दुसरी घ्यायची."

 तिच्या वयाची असताना मी हेच म्हटलं असतं, वर नाक उडवून.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर मी जावेला भेटायला गावी गेले. ती खाटेला लागली होती. पुतण्याच्या घरात पुढच्या खोलीत छताला टेकेल इतका कापूस भरलेला. आत जायचं तर आडवं होऊन भिंतीला घासत जावं लागायचं. त्या कापसाच्या डोंगराआड ही बाई खाटेवर पडलेली, अंगावर प्लास्टिकच्या फुलांची, सरसर वाजणारी साडी. लुगडी कधीच विरली होती. नवी घ्यायला गेलं की हेच मिळतं, असं पुतण्या म्हणाला.

मी बाजूला बसले. तिनं माझा हात धरला नाही, साडी धरली. दोन बोटांत चिमटून पाहिली.

"हे बी रबडीच हाय," ती म्हणाली.

"हो बाई. अर्धं सूत, अर्धं काय देव जाणे."

"लहानी, एक काम कर माझं." मी घरात धाकटी म्हणून ती मला कायम लहानी म्हणायची, माझे दात पडले तरी. "मी मेली की माहेरचं लुगडं पायजे आंगावर. माहेर तं संपलं. भाऊ गेले, त्याह्यची पोरं कुठं हायेत मले नाई मालूम. तूच आण."

आमच्याकडे बाई गेली की तिच्या माहेराहून लुगडं येतं आणि ते तिच्या अंगावर घालतात. ते कोरं असावं लागतं. पाणी न लागलेलं.

"आणते," मी म्हटलं.

"सुताचं आण. हे असलं नोको." मग माझ्या पायाकडे पाहून म्हणाली, "तुह्या पायाचं म्या पाह्यलं हाय. आंगाले चिटकून जळाचं नाई मले."

मी हो म्हटलं. मला त्या वेळी काही वाटलं नाही. परतीच्या ऑटोत बसल्यावरही काही वाटलं नाही. नऊवारी सुती लुगडं कोणत्या दुकानात मिळेल, एवढाच विचार डोक्यात होता. बाजाराच्या चिठ्ठीवर साखर लिहावी तसा.

आदिलाबादच्या बाजारपेठेत मी तीन दिवस फिरले. पहिल्या दुकानात गादीवर बसवलं, पाणी दिलं, आणि थप्पी उलगडली.

"अम्मा, प्योर कॉटन. गॅरंटी."

मी काठाजवळून एक धागा ओढला. पर्समधून काडेपेटी काढली. सूत असेल तर धागा कागदासारखा जळतो आणि बोटात राख राहते. नसेल तर गोळी होते, काळी, टणक. हे मला जावेनंच शिकवलं होतं, माझा पाय बरा होत असताना. तेव्हा मी जांभया देत ऐकलं होतं.

"अरे अम्मा! क्या कर रहे आप! दुकान जलाते क्या!" दुकानदार गादीवरून उडाला.

धाग्याची मोहरीएवढी गोळी झाली. मी ती त्याच्या तळहातावर ठेवली. "ये लो आपका कॉटन. गलेमें बांधलो."

दुसऱ्या दुकानात मी पोचायच्या आधी माझी कीर्ती पोचली होती. दारातच त्यानं हात जोडले. "माचिस बाहर रखो अम्मा, फिर अंदर आव." मी माचिस बाहेर ठेवली. दुसरी ब्लाउजमध्ये होती.

तिथंही गोळीच झाली. तिसऱ्या दुकानातला म्हातारा तेलुगू माणूस मात्र माझ्याकडे पाहत बसला. धागा मी ओढला, तेव्हा काडी त्यानंच ओढून दिली. आधी त्याच्या दुकानात सुताशिवाय काही नसायचं, असं तो म्हणाला. आता लोक येतात, फोटोत चमकेल असं मागतात. मग आतून कागदात गुंडाळलेलं एक लुगडं घेऊन आला. हिरवं, तांबड्या काठाचं, नऊवारी. धाग्याची राख झाली. हातावर घेतली तर पिठासारखी.

"मोटा वाला आखरी है," तो म्हणाला.

मी ते घेऊन घरी आले आणि इथं माझ्या अकलेनं पुन्हा उचल खाल्ली. लुगडं हातात कडक लागत होतं, पुठ्ठ्यासारखं. मनात आलं, ही कांजी आहे की कापड? दोन दुकानांत फसवणूक पाहिलेली बाई मी. आता तिसऱ्या दुकानात फसायचं नव्हतं. म्हणून बादलीत पाणी घेतलं आणि लुगडं भिजवलं.

पाणी भाताच्या पेजेसारखं पांढरं झालं. आणखी दोनदा बदललं तरी पांढरंच. शेवटी लुगडं वर काढलं तर हातात मच्छरदाणी. सूत खरं होतं, पण विरळ. उजेडात धरलं तर पलीकडची नळाची तोटी दिसत होती. सगळा जाडपणा कांजीचा. आणि एकटीनंच पिळलं मी ते. दुसरी बाई लागली नाही.

दोरीवर वाळत घालून मी खाली बसले आणि तेव्हा आठवलं. कोरं पाहिजे होतं.

सून बाल्कनीत आली. "आई, काय झालं? अशा काऊन बसल्या?"

"काही नाही. लुगडं धुतलं."

"मग चांगलं केलं ना."

मी तिला समजावत बसले नाही.

म्हाताऱ्या दुकानदाराकडे परत गेले. दुसरं नव्हतं. मागवतो म्हणाला. सुनेनं मोबाईलवर शोधून एक मागवलं, फोटोत गर्द हिरवं, आलं ते पोपटी. उघडायच्या आधीच वाजलं. मी ते तसंच परत पाठवलं. मग एक दिवस ते धुतलेलंच पिशवीत घातलं आणि गावी गेले. जावेला खरं सांगायचं ठरवलं होतं. आयुष्यभर तिला थापा मारल्या, तिच्या वाटचं दूध प्यायले आणि मांजरावर घातलं, पण हे सांगणं भाग होतं.

"बाई, सुताचं मिळालं. पण मी धुतलं."

तिनं डोळे उघडले. "काऊन?"

"पाहावं म्हटलं, जाड आहे का."

"हाय का?"

"नाही."

 मग तिचं पोट हलायला लागलं. मला वाटलं ढास लागली. ती हसत होती.

"लहानी, तुले मरणाचं लुगडं सांगतलं तं तू त्याचं बी धुणं काढलं!" हसणं संपल्यावर तिनं ते बोटांत धरलं, चिमटलं, गालाला लावलं. "आता हे मेल्यावर तं चालत नाई. नेसव मले. कोरं मंग आणजो."

मी आणि पुतण्याच्या बायकोनं मिळून तिला ते नेसवलं. ती वाजणारी साडी काढली तेव्हा तिच्या कमरेवर लाल वळ होते. त्यानंतर तिनं दुसरं अंगाला लावू दिलं नाही. सकाळी धुवायचं, दुपारपर्यंत वाळायचं, तेवढा वेळ ती चादर पांघरून वाट पाहत पडायची. विरळ होतं ना, लवकर वाळायचं. माझ्या नायलॉनसारखं.

कोरं मी शोधत राहिले. उटनूरला भाची होती, तिच्याकडून पाहिलं. जत्रेत पाहिलं. म्हाताऱ्या दुकानदाराच्या जागी त्याचा मुलगा बसायला लागला होता. त्यानं मला गादीवर बसवलं, पाणी दिलं, आणि म्हणाला, "नऊ वार कोई नहीं पहनता अम्मा, बंद कर दिया."

पावसाळा संपता संपता सकाळी पुतण्याचा फोन आला. आई गेली. मी फोन ठेवला, चहा गॅसवर होता तो गाळला, प्यायले. कप धुतला. मग सुनेला सांगितलं. पिशवी भरताना माझ्या लक्षात आलं की पिशवीत घालायला काही नाही.

गावी पोचले तेव्हा बाया तिला आंघोळ घालत होत्या. मी हात लावला. पाणी ओतत होते आणि मला तिच्या गुडघ्यावरचे वण नवीन दिसल्यासारखे दिसत होते, बाकी काही नाही. आंघोळ झाल्यावर एकीनं विचारलं, "लुगडं कोणतं?" मी दोरीवरचं धुतलेलं काढलं.

"हे? धुतलेलं?"

"आत घालते. वरून कोणाले दिसते?" मी म्हटलं. मला जावेसारखं बोलता आलं, याचंच थोडं आश्चर्य वाटलं.

निऱ्या मीच घातल्या. मग जावेच्या जावयानं, माहेरचं कुणी उरलं नाही म्हणून त्यांच्या वतीनं आणलेली साडी पुढे केली. चकचकीत जांभळी, जरीसारख्या छापाची, खोक्यावर मोठ्या अक्षरांत कॉटन लिहिलेलं. तो दूरच्या गावाहून मोटारसायकलवर आला होता, भिजलेला, डोळे सुजलेले. मी काठाचा धागा ओढला आणि उशाशी दिवा होता त्याला लावला. गोळी झाली. मी ती मुठीत ठेवली. त्या माणसाला काय सांगणार होते? साडी अंगावर घातली. वर आणखी दोघींनी आणलेल्या घातल्या. जाऊ दिसेनाशी झाली, नुसता रंग दिसत होता.

तिला नेताना मी दारात उभी होते. आमच्यात बायका घाटावर जात नाहीत. मी आत येऊन भांडी घासायला बसले. घासलेलीच होती, पुन्हा घासली. मी तिला एकच गोष्ट द्यायची होती आणि ती मी बादलीत बुडवली, हे मनात येत होतं, पण ते कुणाबद्दल तरी ऐकलेलं असावं तसं येत होतं.

दुपारी माणसं परत आली. दारात आंघोळी झाल्या, कडुलिंबाचा पाला चावला. पुतण्या ओल्या अंगानं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी आला. पन्नाशीचा माणूस, डोकं भादरलेलं, ओळखू येत नव्हता. खाली बसला आणि हळूच म्हणाला,

"काकू, वरच्या साऱ्या साड्या काढून घेतल्या घाटावर. आई सहा महिने मले तेच सांगत होती. आंगावर तुमचं ते धुतलेलं तेवढं राहू देलं."