पंचवीसशे विसांवर एक

हसायचं तर हसा, पण आधी सगळं ऐकून घ्या. इतक्या शहाणपणाने केलेला गाढवपणा अख्ख्या पेशवाईत दुसरा सापडायचा नाही!

मी नुकताच काशीहून गणित शिकून पुण्यात आलो होतो. विद्या अंगात मावत नव्हती. शनिवार पेठेतल्या एका सरदारांचे कारभारी होते, अप्पा. त्यांची मुलगी मला फार आवडली होती. अप्पा म्हणाले, सरदारांच्या घरी मुंज आहे, तेवढी पंगत नीट बसवून दाखवा, मग लग्नाचं बोलू.

आता पुण्यात पंगत बसवणं म्हणजे काय सोपं काम आहे? एक रांग जरा आखूड दिसली, की त्या रांगेतले रुसलेच. मी अप्पांना सांगितलं, बरोबर पंचवीसशे वीस माणसं बोलवा. अहो, ही संख्या म्हणजे रत्न आहे! दोनपासून दहापर्यंत कितीही रांगा करा, सगळ्या सारख्या, एक माणूस उरणार नाही. अप्पांनी तेवढीच आमंत्रणं केली.

मुंजीच्या दिवशी मी सात रांगा धरल्या. सगळे बसले आणि एक शास्त्रीबुवा उभेच! सगळ्यांना उठवून आठ केल्या, तर एक वैद्यबुवा उरले. नऊ केल्या, तरी एक उरलाच. भात निवला, तूप थिजलं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला विचारलं, "जेवायला बोलावलंय, की कवायतीला?"

तेवढ्यात माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माणसं पंचवीसशे एकवीस आहेत! या संख्येला दोनपासून दहापर्यंत कशानेही भागा, बाकी एकच राहते. म्हणजे कुणीतरी आगंतुक घुसलाय. मी भर अंगणात ओरडलो, की दिंडीदरवाजा लावा, त्याला हुडका आणि हाताला धरून बाहेर काढा.

अप्पा शांतपणे म्हणाले, "उभं कोण ते राहू द्या. बसलंय कोण ते बघू." आणि पहिल्या रांगेतल्या पहिल्याच पानाशी थांबले. त्या पानावर कुणी बसलेलं नव्हतं, नुसतं उपरणं ठेवलेलं होतं.

"हे कुणाचं?"

"माझं," मी म्हणालो. होणारा जावई म्हणून दर खेपेला पहिलं पान मी स्वतःसाठी धरत होतो.

"आपल्याला आमंत्रण होतं?"

मला कुठलं आमंत्रण? मी तर काम करणाऱ्यांतला, आमचं जेवण मागाहून. पंचवीसशे विसांत मी स्वतःला धरलंच नव्हतं.

"मग दरवाजा उघडायला सांगतो," अप्पा म्हणाले.

पुढच्याच महिन्यात त्यांच्या मुलीचं लग्न झालं. माणसं अप्पांनी स्वतः मोजली, आणि पंगत पहिल्या खेपेला बसली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटलं. नवरदेव सदाशिव पेठेतला होता. मी ताक वाढत होतो.