माझी पदवी आणि सासूबाईंचे बांगडे

ज्या वर्षी मी व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी मिळवली, त्याच वर्षी आमच्या घरचा तीन पिढ्यांचा व्यवसाय मी चार दिवसांत बसवून दाखवला.

त्या वेळी मी तारकर्लीतल्या एका लॉजवर कामाला होते. आठ खोल्या, एक जेवणघर आणि काउंटरवर मी. पाहुण्यांची नावं लिहायची, फोन घ्यायचे आणि 'समुद्र किती वाजता बंद होतो?' असल्या प्रश्नांना न हसता उत्तरं द्यायची, हे माझं काम. पदवीच्या तीन वर्षं आधी एके दिवशी लॉजचे मालक बाबीशेट यांनी जाहीर केलं, की मागच्या बाजूला आणखी दहा खोल्या बांधायच्या आणि मॅनेजर नेमायचा.

"सुलभा, तुका मॅनेजर करूक माझी ना नाय," ते म्हणाले. "पण माझो मुंबयचो जावय म्हणता, मॅनेजर डिग्रीवालोच व्हयो. तुझी डिग्री खंय आसा?"

माझी डिग्री शिरोड्याला माहेरी अर्धवट राहिली होती. कॉलेजचं पहिलं वर्ष संपलं आणि माझं लग्न झालं, तो विषय तिथेच मिटला. पण खोल्या बांधून व्हायला तीन वर्षं लागणार होती, आणि पदवीलाही तीनच वर्षं लागतात! पेपरात जाहिरात होती: नोकरी सांभाळून, घरबसल्या, ऑनलाईन पदवी. मी नाव घातलं.

आमच्या सासूबाई, जनाबाई, मालवणच्या बाजारात मासे विकायच्या. मुलाच्या होडीचे मासे, शिवाय लिलावात घेतलेले. त्यांनी माझी चौकशी सुरू केली.

"कॉलेज खंय आसा?"

"खंयच नाय आई. ऑनलाईन आसा."

"मास्तर?"

"ते दिसनत नाय."

"वर्गातली पोरां?"

"तीपण नाय दिसनत."

"मगे पैसे कोणाक दिलंस गो?"

(खरं सांगायचं तर याचं उत्तर मलाही नीट माहीत नव्हतं.)

तीन वर्षं मी काय शिकले, हे विचारू नका. पुस्तकं इंग्रजीत, वीज लहरीत आणि मी सदैव गोंधळात! काउंटरखाली पुस्तक ठेवून वाचायचे आणि वर रजिस्टर लिहायचे. एकदा नागपूरचं एक जोडपं रजिस्टर बघून एकमेकांकडे बघायला लागलं. मी त्यांच्या नावासमोर लिहिलं होतं, 'श्री. व सौ. टार्गेट ग्रुप'. तरी पेपर सुटत गेले. प्रत्येक वेळी पास झाल्याचं कळलं, की मी आधी दुसऱ्या कुणाचा निकाल तर नाही ना, हे बघायचे.

शेवटच्या सहामाहीला प्रकल्प होता. एखादा खराखुरा छोटा धंदा घ्यायचा, आपण शिकलेली तत्त्वं त्याला लावायची, विक्री वाढवायची आणि अहवाल लिहायचा. त्यावर संगणकावरच तोंडी परीक्षा. मी इकडेतिकडे पाहिलं आणि माझी नजर सासूबाईंच्या टोपलीवर पडली.

"आई, तुमी भाव लिवन ठेवनत नाय, ही मोठी चूक आसा," मी त्यांना समजावलं. "सगळ्यांका एकच भाव व्हयो."

"डॉक्टरीणबायक नी रिक्षावाल्याक एकच?"

"एकच. फिक्स रेट. बोलूक लागूचाच नाय."

"मगे देवान माका तोंड कित्याक दिलान?"

पण माझी परीक्षा आहे म्हटल्यावर बिचाऱ्या मऊ झाल्या. "कर गो बाय काय तां. चार दिवस."

पहिल्या दिवशी मी लॉजवर रजा टाकून बाजारात गेले. पुठ्ठ्याच्या पाट्या केल्या होत्या, जाड पेनाने लिहिलेल्या. बांगडे, स्वस्तातली तारली, महागडी सुरमई, कोळंबी, प्रत्येकापुढे भाव. गिऱ्हाईक यायचं, पाटी वाचायचं आणि म्हणायचं, "जनाक्का, बोल कितक्याक देतंस?" सासूबाई ओठ घट्ट मिटून माझ्याकडे बोट दाखवायच्या. मी म्हणायचे, "फिक्स रेट!" गिऱ्हाईक दोन पावलं सरकून शेजारच्या रुक्मिणीकाकीसमोर बसायचं. अकरापर्यंत रुक्मिणीकाकीची टोपली रिकामी झाली.

"सुलभा," ती हात धुता धुता म्हणाली, "तुझी परीक्षा वर्षातसून कितीदा असता गो?"

दुसऱ्या दिवशी मी ग्राहक समाधान फॉर्म काढले. 'आपण आमच्या बांगड्याबाबत कितपत समाधानी आहात? एक ते पाच गुण द्या.' बहुतेकांनी त्यात मासे गुंडाळून नेले, तेही रुक्मिणीकाकीचे! एका आजोबांनी मात्र तो रेशनकार्डाचा फॉर्म समजून स्वतःचं नाव, पत्ता आणि घरातल्या नऊ माणसांची वयं भरून दिली, आणि वर विचारलं, "साखर केदवा येतली?"

तिसऱ्या दिवशी सासूबाई बर्फ आणायला गेल्या आणि चमत्कार झाला. वारा सुटला. मी उडालेल्या पाट्या गोळा करून परत लावल्या, आणि पाच मिनिटांत आमच्यासमोर ही गर्दी! माणसं माणसांवर पडत होती. "माका दोन!" "गो, माका पयली दी!" मी दोन्ही हातांनी सुरमई देत सुटले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तीन वर्षांच्या पुस्तकांतलं एक तरी तत्त्व लागू पडलं होतं!

सासूबाई बर्फ घेऊन आल्या तेव्हा टोपलीत सुरमईचं शेपूटही उरलं नव्हतं.

"बघितलास आई?" मी म्हटलं. "फिक्स रेट!"

त्यांनी रिकाम्या टोपलीकडे पाहिलं, मग टोपलीसमोरच्या पाटीकडे पाहिलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण पाटीवरच्या अक्षरांची चित्रं पाठ होती.

"गो, ह्या तारल्यांचा पुठ्ठा सुरमयेक कोणी लावलान?"

मी लावला होता.

चौथ्या दिवशी तीच सगळी माणसं पिशव्या घेऊन परत आली आणि खरा भाव ऐकून भांडायला लागली. "फिक्स रेट म्हणालंस मा काल?" त्या दिवशी एक बांगडा खपला नाही. घरी आम्ही बांगड्याचं तिखलं खाल्लं, बांगडे तळून खाल्ले, उरलेले मीठ लावून वाळत घातले. नवरा जेवता जेवता हळूच म्हणाला, "सुलभा, मी चार दिवस होडयेर जावचंय नाय. तुझी परीक्षा होवंदे."

पाचव्या दिवशी सासूबाईंनी सगळ्या पाट्या चुलीत घातल्या आणि एकट्या बाजारात गेल्या.

आता अहवालात काय लिहायचं? नवी इमारत रंगवून झाली होती. बाबीशेटच्या जावयाने मुंबईत कुणी डिग्रीवाला हेरून ठेवलाय, असं कानावर आलं होतं. मी नापास झाले, तर तो माझ्या काउंटरवर बसणार आणि मी त्याला चहा नेऊन देणार! तेव्हा मी लिहिलं, 'तिसऱ्या दिवशी या व्यवसायाच्या इतिहासातील सर्वाधिक वेगवान विक्री नोंदवली गेली.' यात खोटं एक अक्षर नव्हतं. फक्त बाकीची अक्षरं मी लिहिली नाहीत.

तोंडी परीक्षा मे महिन्यातल्या रविवारी, दुपारी बाराला. लॉज भरलेला. काउंटरमागच्या खोलीत संगणक, त्यावर नवाकोरा कॅमेरा. बाबीशेट दाराबाहेर राखणीला बसले. मी ठेवणीतली साडी नेसून, केसात अबोली माळून कॅमेऱ्यासमोर बसले. पडद्यावर पुण्याचे सर उगवले. पिकलेले केस, चष्मा, गंभीर चेहरा.

"नमस्कार सर. मी सुलभा," मी सुरुवात केली.

आणि मग मला सूर लागला. सर इतके लक्ष देऊन ऐकत होते! एकदाही अडवलं नाही, पापणीसुद्धा हलवली नाही. आयुष्यात माझं बोलणं कुणी असं ऐकलं नव्हतं. मी ग्राहकवर्ग सांगितले, स्पर्धक सांगितले, इंग्रजी व्याख्या पाठ म्हणून दाखवल्या. दहा मिनिटं झाली असतील. तेवढ्यात मागच्या दाराने सासूबाई आत आल्या. त्या रोज लॉजच्या स्वयंपाकघरात मासे द्यायला यायच्या, हे मी त्या गडबडीत साफ विसरले होते.

"ह्यो कोण गो?"

"शूऽ! सर आसत. परीक्षा चल्ली हा."

त्यांनी पडद्याजवळ जाऊन निरखून पाहिलं. "हेका काय झाला? तोंड उघडा टाकून रवलो हा. डॉक्टराक बोलवक व्हया."

मी घाबरून वायर हलवली. सर एकदम जिवंत झाले. "हॅलो? हॅलो? बाई, 'मी सुलभा' यानंतर मला काहीही ऐकू आलेलं नाही!"

माझ्या दहा मिनिटांच्या व्याख्या समुद्रात गेल्या होत्या. सरांनी घड्याळ पाहिलं. "असू दे. अहवाल वाचलाय मी. तिसऱ्या दिवशी विक्री एकदम वाढली. कशामुळे?"

मी घसा साफ केला. "सर, ग्राहकांचा आमच्या भावावर विश्वास बसल्यामुळे..."

"विश्वास खंयचो!" मागून आवाज आला. "पुठ्ठो उडालो!"

"कोण बोललं ते?" सर म्हणाले.

मी काही सांगायच्या आत सासूबाई कॅमेऱ्यात वाकल्या. इतक्या जवळ, की सरांना बहुधा फक्त कुंकू दिसलं असावं. "मी हिची सासू. हिना लिवला हा तां माझ्याच धंद्याचा." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. पाट्या, फॉर्म, आजोबांची साखर, तारल्याच्या भावात गेलेली सुरमई, घरात वाळत घातलेले बांगडे. काही म्हणजे काही सोडलं नाही. मी डोळे मिटून घेतले. तीन वर्षं डोळ्यांसमोरून गेली.

सर पुन्हा थिजले असं वाटून मी वायरीकडे हात नेला.

"वायरला हात लावू नका," सर म्हणाले. त्यांनी चष्मा काढला होता आणि ते डोळे पुसत होते. हसून पुसत होते की काय, ते मला कळेना. "आजी, मग तुमची पद्धत काय?"

"माझी कसली पद्धत? सकाळी लवकर येता तेका मासो निवडूक व्हयो असता, तो भाव देता. अकराक येता तेका स्वस्त व्हया असता, तेका निवडूक देनंय नाय. दोघवय खूश. नी गिरायक पयलो मासो बघता, मगे माझ्या तोंडाकडे बघता. भाव पुठ्ठ्यार लिवलो तर माझ्याकडे कोण बघतलो? मगे उद्या तो कोणाकडे येतलो? पुठ्ठ्याकडे?"

सर भराभर लिहून घेत होते. "म्हणजे गिऱ्हाईक बघून भाव! हे चक्क प्राइस डिस्क्रिमिनेशन!"

"नाय नाय," सासूबाई म्हणाल्या. "माझा नाव जनाबाय."

मग सर माझ्याकडे वळले. "बाई, हे अहवालात का नाही लिहिलंत?"

"नापास कराल म्हणून, सर."

"आता सांगा. व्याख्या नकोत. काय चुकलं तेवढं सांगा."

मी सांगितलं. गिऱ्हाइकाला घासाघीस नको असते, असं पुस्तकात वाचून मी गृहीत धरलं होतं. त्याला विचारलंच नव्हतं. सगळी उत्तरं ज्या बाईला ठाऊक होती, तिच्या शेजारी बसून मी अनोळखी माणसांकडून फॉर्म भरून घेत होते. बोलता बोलता माझा मलाच राग आला आणि आवाज चिरकला. सरांनी यावेळी खरोखरच ऐकलं. पापण्या हलत होत्या, मी लक्ष ठेवून होते.

शेवटी सासूबाई पुन्हा वाकल्या. "मास्तरानु, पास करतलास मा? ही लॉजचा करून, घरचा करून वाचता. काय वाचता तां माका समजना नाय. पण वाचता."

सर काहीतरी म्हणाले आणि लाईन गेली. पास म्हणाले की नापास, दोघींनाही कळलं नाही. सासूबाईंना वाटलं, 'पाहू' म्हणाले. मला वाटलं, 'पापलेट'.

दीड महिन्याने निकाल लागला. पास! प्रकल्पाखाली शेरा होता: 'विद्यार्थिनीने स्वतःचे अपयश उत्तम मांडले आहे.' मी प्रिंट काढून पळत घरी गेले. सासूबाईंना वाचून दाखवला. 'अपयश' आणि 'उत्तम' एका वाक्यात कसं, हे मला त्यांना समजावता आलं नाही, पण त्यांनी तो कागद देवाजवळ ठेवला आणि बाजारात जाऊन सगळ्यांना पेढे वाटले. रुक्मिणीकाकीने दोन घेतले.

पुढच्याच आठवड्यात बाबीशेटनी मला मॅनेजर केलं. मुंबईचा डिग्रीवाला आलाच नाही. खुर्ची मिळाली, टेबल मिळालं, टेबलावर नावाची पाटी मिळाली. मी वर्षभर ऐटीत वावरले. शेवटी एकदा न राहवून मी बाबीशेटना विचारलं, "माझ्यात असा काय बघितलास, की जावयाचा न आयकता माका घेतलास?"

बाबीशेट जरा चुळबुळले. "त्या परीक्षेदिवशी मी दाराभायर बसान सगळा आयकलंय. दुसऱ्याच दिवशी जनाक्काक जावन भेटलंय. म्हटलंय, जनाक्का, डिग्री गेली खड्ड्यात, तू माझी मॅनेजर हो."

"मगे?"

"ती म्हणाली, तुझो गिरायक येता नी झोपता. झोपलेल्या गिरायकाक काय विकूचा? माका येळ नाय." त्यांनी मान खाजवली. "मगे वायच विचार करून म्हणाली, तुका कोणच गावना नाय तर आमच्या सुलभाक घे. तिका विकूक येना नाय, पण ती खंयव बसान रवता."