लाटीगणिक एक उत्तर

माझे अक्षर किरटे आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमले नाही. चौथीनंतर शाळा सुटली. ही वही कुणाच्या हाती लागली तर चुका पोटात घालाव्यात.

माझी थोरली नणंद गावातल्या मुलींच्या शाळेत शिकवायची. आम्ही तिला आक्का म्हणायचो. लग्नाआधी ती सातवी झाली होती. नवरा गेल्यावर ती आमच्याकडे आली आणि ही जागा मिळाली, पण कच्ची. तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा सांगितले, "बाई, पुढच्या जूनपर्यंत मॅट्रिक व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल." जागा गेली की आक्काला पुन्हा भावाच्या जिवावर जेवावे लागणार होते. ते तिला नको होते.

फॉर्म आणि पुस्तकांसाठी शेजारच्या काकींनी चाळीस रुपये दिले. "पैसा ली जाय. पन मन्हा पापडले दांडी मारानी नही!"

माघ लागला की आमच्याकडे उडदाचे पापड सुरू होतात. आज एकीच्या ओसरीवर, उद्या दुसरीच्या. जी जात नाही तिच्याकडे कुणी फिरकत नाही. परीक्षा फाल्गुनात. सकाळी शाळा, दुपारी पापड, मग अभ्यास कधी करायचा?

माझे पापड वाकडे होत, म्हणून मला लाट्या कापायला बसवत. मी मांडीजवळ पुस्तक उघडे ठेवले. आक्काकडे लाटी सरकवायची आणि एक प्रश्न वाचायचा. पापड लाटून होईपर्यंत तिने उत्तर सांगायचे. पानांना तेलाचे डाग पडले. दहा बायकांसमोर माझा आवाज फुटेना.

"मोठं वाच वं," काकी म्हणाल्या, "आम्ही बी मॅट्रिक व्हसूत!"

सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि त्यानंतर मोठ्याने वाचू लागले.

वाचता वाचता मलाच पुढचे पान हवेसे वाटे. फ्रान्समध्ये भाकर महागली आणि राजाचे राज्य गेले. ती भाकर कसल्या पिठाची असेल? पृथ्वी फिरते तर तापीचे पाणी एका बाजूला का सांडत नाही? मी आक्काला विचारायची. ती म्हणे, "हे पेपरात येत नाही, वहिनी." पण तिलाही विचार पडलेला दिसायचा.

परीक्षा नंदुरबारला होती. मी सोबत गेले आणि बाहेर लिंबाखाली बसले. इतिहासाचा पेपर देऊन आक्का आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"वहिनी, तुम्ही रोज पहिल्यापासून ओळीने वाचायचात. पेपरात नववा प्रश्न आधी, तिसरा नंतर. मला एकही आठवेना."

उलटसुलट विचारावे हे मला सुचलेच नव्हते.

"मग?"

"मग बाकावर पट्टी फिरवत बसले, लाटणे फिरवतात तशी. मनात पहिल्या लाटीपासून सुरुवात केली. हवे ते उत्तर आले की थांबून लिहायचे, मग पुन्हा लाटायचे. पहाऱ्यावरचे मास्तर येऊन म्हणाले, बाई, हे काय चाललेय? मी म्हटले, पापड लाटतेय."

"ते काय म्हणाले?"

"आवाज करू नका म्हणाले."

तिचे दोन प्रश्न राहिले. त्या दोन प्रश्नांनी जूनपर्यंत माझी झोप खाल्ली. निकालाचे वर्तमानपत्र एसटीने आले तेव्हा नंबर मीच आधी शोधला. शेवटच्या रांगेत सापडला. काठावर, पण पास. पुढच्या महिन्यात जागा पक्की झाल्याचा कागद आला.

मग दर पगाराला आक्का पाच रुपये द्यायची आणि मी ते काकींकडे पोचवायची. दर वेळी काकी मला बसवून घेत आणि पुस्तकातले काहीतरी विचारत. शेवटचे पाच दिले तेव्हा मी उठू लागले.

"बस वं. त्या राजानं पुढं काय व्हयनं?"

मी फ्रान्सच्या राजाचे पुढचे सांगितले. काकींनी नोट पदराच्या गाठीत बांधली आणि म्हणाल्या, "आते सगळं फिटनं."