कपाटाची किल्ली

परीक्षेला आठ दिवस असताना माझा भाऊ तुरुंगात वारला. तिथूनच तो बी.ए. करत होता.

कैद्यांना कॉलेजची पुस्तकं देणारा कारकून कपाटाची किल्ली करदोड्याला बांधून फिरे. तपासणीचे साहेब आले की पुस्तकं कैद्यांच्या हाती, फोटो निघाला की पुन्हा कुलपात. दर भेटीला मी तुमसरहून जाऊन विनवत असे. तो मिशीत हसे. "गुरुजी, कैद्याईच्या हातानं पुस्तकं मळतेत नं! अन् हा शिकून कोठं कलेक्टर होऊन राहिला?"

भावाचं सामान न्यायला गेलो, तेव्हा कारकुनानं रजिस्टर सरकवलं. "सही करा. पुस्तकं वापस भेटले म्हणून." कधी न दिलेली पुस्तकं! सहीशिवाय तो सामान सोडेना. मी सही केली.

आता घरी भावाची वही आहे. भेटीत जाळीतून मी तोंडी सांगितलेला इतिहास तिच्यात आहे, अर्धा.