ओळीएवढी खिडकी

रविवारी दुपारी पारशिवनीहून नागपूरला येणाऱ्या एसटीत मी आणि माझी तिसरीतली मुलगी होतो. पिशवीत पुतणीच्या लग्नाच्या चार पत्रिका वाटायच्या उरल्या होत्या. सोमवारी वर्गात मोठ्यानं वाचायचा धडा मुलगी वाचून पाहत होती, पण दर वेळी तिची ओळ चुकायची. शेवटी पुस्तक मिटून म्हणाली, "बाबा, मी उद्या शाळेत नाही जात."

शेजारच्या बाई ऐकत होत्या. पारशिवनीच्या शाळेत शिकवते, एवढंच त्यांनी सांगितलं. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी पिशवीतून डोकावणारी एक पत्रिका मागितली, पर्समधल्या कात्रीनं तिच्या जाड पानात ओळीएवढी खिडकी कापली आणि धड्यावर ठेवली.

"एकच ओळ दाखवा तिले. बाकीच्या पळून नाही जात."

पत्रिका खाली खाली सरकवत मुलगी वाचू लागली. हळू, पण न चुकता. बाई बाहेर पाहत ऐकत राहिल्या.

सीताबर्डीला उतरताना मी आभार मानले.

"आभार राहू द्या जी. त्या पत्रिका द्या. माझ्या वर्गात असे तिघं आहेत."

मी तिन्ही दिल्या.

सोमवारी मुलगी शाळेत गेली. मनीषनगरच्या साडूंना मी फोनवरच आमंत्रण दिलं.

"काहून गा, आमची पत्रिका कुठं गेली?"

"पारशिवनीच्या शाळेत," मी म्हणालो.