कुंडीत पुरलेली पिशवी

पुण्याहून एमएस्सी करून मी बंगळूरला आले ती मोठं संशोधन करायला. नोकरी मिळाली पीण्या औद्योगिक वसाहतीत, प्लास्टिकच्या पिशव्या करणाऱ्या एका छोट्या कारखान्यात. संशोधन विभागात मी एकटीच, त्यामुळे विभागात मतभेद नसत.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमचे मालक परदेशातलं प्रदर्शन बघून आले आणि येताना पॉलिलॅक्टिक अ‍ॅसिडच्या दाण्यांचं एक पोतं घेऊन आले. मक्यापासून केलेलं, कुजणारं प्लास्टिक. "याची पिशवी मातीत टाकली की माती होते," असं ते येईल त्याला सांगू लागले. पिशवी तेवढी व्हायची राहिली होती.

ती काही होईना. आमच्या यंत्रात वितळलेल्या प्लास्टिकमध्ये हवा भरून त्याचा उंच फुगा करत, मग त्याची पातळ फिल्म निघे. नेहमीच्या प्लास्टिकचा फुगा सरळ छताकडे जायचा. हा हातभर वर येऊन मान टाकायचा. मी पुस्तकं उघडली. वितळताना याच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात, म्हणून ते पाण्यासारखं होतं. तुटलेली टोकं जोडायला चेन एक्स्टेंडर नावाचं रसायन घालायचं. पुस्तकात चिमूटभर म्हटलं होतं. मी हुशार, मी तिप्पट घातलं.

साखळ्या अशा काही जोडल्या गेल्या की यंत्राच्या पोटात सगळ्याचा एकच चिवट गोळा झाला. यंत्र चालवणारे अण्णा आणि मी दोन दिवस पितळी पट्टीनं तो खरवडत बसलो. अण्णांचं घराणं कित्येक पिढ्या बंगळुरातलं. मराठी बोलत, पण आपल्या पद्धतीची. दुसऱ्या दिवशी दुपारी ते म्हणाले, "अक्का, तुमचं औषध राहू द्या. दाणा ओला आहे की."

"ओला कसा? पोतं बंद होतं."

"बंद कुठलं? मालक येईल त्याला उघडून दाखवतात. हवा पावसाळी. स्वल्प वाळवून बघू, सरी? चालेल ना?"

ओलाव्यानं साखळ्या तुटतात हे माझ्या पुस्तकातही होतं, औषधाच्या आधीच्याच पानावर. मी थेट औषधाच्या पानावर गेले होते.

दाणा दिवसभर भट्टीत वाळवला, रसायन खरोखरच चिमूटभर घातलं, आणि फुगा चढत गेला. मी टाळीच वाजवली. अण्णांकडे पाहिलं, तर ते घड्याळाकडे पाहत होते. त्यांची सुटायची वेळ झाली होती.

मालकांनी पाहुण्यांच्या साक्षीनं एक पिशवी ऑफिससमोरच्या कुंडीत पुरली. तीन महिन्यांनी त्याच पाहुण्यांना बोलावून उकरली. पिशवी सबंध निघाली. झटकल्यावर कारखान्याचं नावसुद्धा वाचता येत होतं.

"हे काय?" मालकांनी मला हळूच विचारलं.

"तिला कुजायला खताच्या मोठ्या ढिगाची उष्णता लागते. कुंडीत नाही मिळत."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

खरं उत्तर असं होतं की तेही पान मी कालच वाचलं होतं. मालक पाहुण्यांकडे वळले, पिशवी दोन्ही हातांनी ताणून दाखवत म्हणाले, "बघा, किती मजबूत आहे."

पाहुण्यांनी मान डोलावली आणि कॉफी मागवली.