माझ्या एका हाताचा कीबोर्ड

दाविद सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका बारशाची पत्रिका टाइप करत होते. फोन त्यांच्या पत्नीचा, सरोजकाकूंचा. "ताई, सर गेले हो सकाळी... झोपेतच," एवढंच त्या बोलल्या. मला काय सुचावं? मी विचारलं, "माझ्याबद्दल काही बोलले का हो?" माणूस गेल्याचं ऐकून पहिला प्रश्न स्वतःबद्दल विचारणारी बाई दुसरी नसेल. पण त्याला कारण होतं. त्याच्या अकरा दिवस आधी मी शिरूरला त्यांच्या घरून चिडून, भरलेला चहाचा कप तसाच ठेवून निघून आले होते, आणि तीच आमची शेवटची भेट ठरली. काकूंना त्यातलं काही ठाऊक नसावं. त्या म्हणाल्या, "तुमचा कॉम्प्युटर पाठवायची घाई चालली होती त्यांची. पोचला न्हवं नीट?" पोचला होता. पोचल्याचा साधा फोन करायचंही मी मुद्दाम टाळलं होतं.

माझं यवतला हायवेलगत पत्रिका करून देण्याचं दुकान आहे. लग्न, बारसं, वास्तुशांत, दहावा, जे येईल ते. माझ्या उजव्या हाताला फक्त अंगठा आहे. बाकीची चार बोटं एकोणिसाव्या वर्षी कडबाकुट्टीत गेली. त्यानंतर वर्षभर घरी येणारं प्रत्येक माणूस मला काय काय जमणार नाही ते सांगून जायचं. स्वयंपाक जमणार नाही, धुणं जमणार नाही, लग्न तर विसराच. मावशी शिरूरला राहायची, तिने बळेच मला तिथल्या एका कॉम्प्युटर क्लासात नेलं. क्लास दाविद सरांचा. उंच, काळेसावळे, शर्टाच्या खिशाला कायम दोन पेनं. मी हात ओढणीत लपवून बसले होते. त्यांनी काय झालं, कसं झालं, काही विचारलं नाही. म्हणाले, "अंगठा जोरात दाबता येतो का?" मी टेबलावर दाबून दाखवला. "मग झालं की! पाच आन् एक, सहा हायेत. कीबोर्ड म्हंजी काय देवानं वरून पाठवलेला न्हाई, माणसानंच मांडलाय. आपण दुसरा मांडू."

आणि खरंच मांडला. रोज चर्चच्या घंटेआधी उठणारा हा माणूस तीन आठवडे सकाळच्या वेळात माझ्यासाठी अक्षरं हलवत बसला. सगळी मराठी अक्षरं डाव्या हाताच्या आवाक्यात, आणि उजव्या अंगठ्याला काना आणि दोन शब्दांमधली जागा. कागदाच्या बारीक चकत्यांवर अक्षरं लिहून ती त्यांनी बटणांवर चिकटवली. क्लासातली दहा बोटांची पोरं माझ्या पुढे जायची, मला रडू यायचं, तर म्हणायचे, "त्यांच्याकडं बघू नका, त्यांचा कीबोर्ड येगळा." दया दाखवली असती तर मी दुसऱ्या दिवशी गेलेच नसते. त्यांनी मला कामाला लावलं, म्हणून मी उभी राहिले.

पुढे क्लास बंद पडला. सरांचं नाव झालं ते दुसऱ्याच कामासाठी. कुणी नवा कॉम्प्युटर घेतला की जुन्यातलं सगळं नव्यात नेऊन द्यायचं, म्हणजे प्रोग्राम, फॉन्ट, फाइली, आणि त्या माणसाने वर्षानुवर्षांत लावून घेतलेलं सगळं. हे काम करणारे ढिगाने आहेत आणि दोन तासांत उरकून देतात. सरांना दोन दिवस लागायचे. पहिला अख्खा दिवस ते नुसते शेजारी स्टुलावर बसून बघायचे. माउसला हात लावायचे नाहीत. "तुम्ही रोज करता तसं करा," म्हणायचे आणि वहीत टिपत राहायचे, की हा माणूस फाइल कुठून उघडतो, अक्षर केवढं ठेवतो, कोणत्या कोपऱ्यात काय शोधतो. गिऱ्हाइकांतले डॉक्टर लोक वैतागायचे. मीही वैतागायचे, माझा स्वभाव तर तुम्हाला कळलाच असेल. पण न्हावऱ्याच्या दूध डेअरीतल्या आप्पांची गोष्ट ऐका. त्यांना नव्या मशीनची एवढी धास्ती, की नवीन आणलं तर कामाला येणार नाही म्हणून सांगून बसले होते. सरांनी एका दुपारी, आप्पा जेवायला गेले असताना, नवीन जोडून ठेवलं. आप्पा आले, बसले, तासभर काम केलं आणि म्हणाले, "सर, ते नवीन कवा आणताय? एकदाचा निकाल लावा." सर ही गोष्ट सांगताना लहान मुलासारखे हसायचे. त्याहून मोठं सर्टिफिकेट त्यांना कुणी दिलं नाही, आणि नकोही होतं.

त्यांचा एक नियम होता. नवीन सुरू झालं तरी जुनं महिनाभर टेबलाखाली तसंच ठेवायचं. मी तो एकदाच मोडला. माझा पहिला कॉम्प्युटर म्हातारा झाला तेव्हा मला वाटलं, एवढ्याशा कामासाठी त्यांना कशाला बोलवा. पडद्यावर दिसत होती ती सगळी छोटी चित्रं, म्हणजे आयकॉन, मी एका पेन ड्राइव्हवर घेतली आणि जुनं मशीन दौंडच्या एका दुकानात नव्याच्या बदल्यात देऊन टाकलं. नव्यावर ती चित्रं उघडायला गेले तर एकही उघडेना. सगळं जग जसंच्या तसं दिसतंय आणि आत काही नाही. पत्रिका नाहीत, फॉन्ट नाहीत, आणि माझा कीबोर्ड नाही. ऐन लग्नसराई, अकरा पत्रिका अंगावर. मी 'क' दाबला तर भलतंच काहीतरी उमटलं. त्या दिवशी मला पुन्हा एकदा बोटं गेल्यासारखं वाटलं. सरांना फोन केला. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "ताई, तुम्ही घरांच्या पाट्या उचलून आणल्या. घरं दौंडलाच राह्यली. दुकानाचं नाव सांगा." आणि साठीला टेकलेला हा माणूस मोटारसायकल काढून शिरूरहून न्हावऱ्यावरून थेट दौंडला गेला. दुकानदार त्या मशीनमधलं सगळं पुसायलाच घेत होता. संध्याकाळी सर माझ्या दारात उभे, धुळीने भुवया पांढऱ्या, आणि मागच्या सीटवर माझं जुनं खोकं सायकलच्या ट्यूबने आवळून बांधलेलं. एका शब्दाने रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "आता म्हैनाभर ठेवायचं हां."

त्यानंतर ते इकडे कुणाच्या कामाला आले की दुकानात डोकावायचे. चहा घ्यायचे, गप्प बसून माझं टायपिंग बघायचे, मधेच म्हणायचे, "उठा जरा, एक बटण हलवतो." मला तो त्यांचा चाळा वाटायचा. दोन दिवस चुकल्यासारखं व्हायचं, मग सवय व्हायची. माझा वेग वाढत गेला. आता यवतमध्ये माझ्याइतकं भरभर मराठी कुणी टाइप करत नाही, आणि हे मी चारचौघांत छाती फुगवून सांगत आले. हात सरावलाय माझा, असं मी म्हणायचे.

यंदा हाही कॉम्प्युटर दर तासाला अडायला लागला. नवीन आणून दुकानात ठेवला, आणि जुना घेऊन शिरूरला गेले, कारण सर आता कुठे जाऊ शकत नव्हते. दोन पावलं चाललं की धाप लागायची. मला वाटलं, ते करून देतील आणि संध्याकाळच्या एसटीने मी परत. तर त्यांनी मलाच खुर्चीवर बसवलं आणि स्वतः स्टुलावर. "जुन्यातलं हे सगळं बाहेर काढायचं कसं, ते तुम्हीच करा." मी केलं, चुकलं. "पुन्हा करा." पुन्हा चुकलं. "पुन्हा." तिसऱ्यांदा चुकल्यावर माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "सर, मी शिकायला नाही आले, काम घेऊन आलेय. तुम्हाला दहा बोटं आहेत, तुम्हाला काय कळणार!"

हे मी त्यांना म्हणाले. जगात ज्या एकाच माणसाने मला कधी माझी नसलेली बोटं मोजायला लावली नव्हती, त्याला म्हणाले. सर हातातली वही मिटून म्हणाले, "बरं. ठेवून जा. पाठवून देतो." चार दिवसांनी शिरूरहून येणाऱ्या एका ओळखीच्या टेम्पोतून मशीन आलं. मी मुकाट्याने जोडलं आणि त्याच अडत्या मशीनवर काम करत राहिले. नवा कॉम्प्युटर खोक्यातच राहिला. सर गेल्यावर त्यांच्या प्रार्थनासभेची पत्रिकाही मी त्या जुन्यावरच केली. त्यांचं नाव टाइप करताना चार वेळा चुकले.

गेल्या आठवड्यात ते मशीन सुरूच होईना. दोन दिवसांनी एकदाचं झालं, तेव्हा कळलं की आता टाळून चालणार नाही. मी दुकान दिवसभर बंद ठेवलं आणि सर मला जे पुन्हा पुन्हा करायला लावत होते ते करायला बसले. तेव्हा चुकले त्याच जागी परत चुकले. पाचव्या खेपेला जमलं, आणि आजवर फक्त त्यांनीच उघडलेला एक फोल्डर माझ्यासमोर उघडला. त्याला माझं नाव होतं. आत माझे कीबोर्ड होते, एकतीस. प्रत्येकाला आकडा आणि प्रत्येकासोबत एक-दोन ओळी.

'चार. अंगठा दुखतो म्हणाल्या. काना तर्जनीखाली दिला.' असं मी कधी म्हणाले होते मला आठवतही नाही. 'नऊ. पत्रिकेत श्री फार लागतो. एका बटणात दिला.' 'बावीस. थंडीत अनामिका कडक होते. ळ खालच्या ओळीत.' 'सव्वीस. काही बदल नाही. हात सुरेख चालतोय. चहात साखर फार.' मी वाचत गेले आणि मला हसूही येत होतं, रडूही. एवढी वर्षं मी ज्याला माझा सराव म्हणत होते तो हा होता. माझा हात शिकत नव्हता, हा माणूस माझा हात शिकत होता. आणि इतक्या वर्षांत त्याने ते एकदाही बोलून दाखवलं नाही.

शेवटचा, एकतिसावा, मी चिडून आले त्याच्या दुसऱ्या दिवसाचा होता. 'ताई चिडल्या की चुका होतात. चूक खोडायला अख्खा हात उचलून पार वर न्यावा लागतो, म्हणून जास्त चिडतात. खोडायचं बटण करंगळीखाली दिलं, कॅप्स लॉकवर. सांगायचं राहिलं.'

मराठी टाइप करताना त्या बटणाला कुणी हात लावत नाही. ते महिनाभर माझ्या करंगळीशेजारी होतं आणि मला पत्ता नव्हता. मी एकतिसावा कीबोर्ड नव्या कॉम्प्युटरवर घातला. चालतो का बघायचं म्हणून त्या दिवशी बोलले होते तेच टाइप केलं, तुम्हाला दहा बोटं आहेत, तुम्हाला काय कळणार. बोललेलं असं पुसता येत नाही, एवढी अक्कल मला आहे. तरी मी करंगळी दाबून धरली. एकेक अक्षर मागे जात गेलं, कोरा पडदा राहिला, आणि मला हात उचलावा लागला नाही.